काका, ते भोक बुजवू दिलं नाहीत म्हणून

प्रिय काका,

पॅसिफिकमध्ये आमच्या बोटीचं इंजिन तुम्ही बडोद्यातून फोनवर वाचवलंत, आणि दांडिया बाजारात भेटेल त्याला सांगताय म्हणे, "मी कुठे काय केलं, फोनवर दोन शब्द बोललो." आईने परवा हे हसत हसत सांगितलं आणि मी ठरवलं की आता चारचौघांसमोरच लिहायचं. तुमची नात वाचून दाखवेलच, ऐकताना मध्येच उठून पाणी बघायला जाऊ नका.

तर ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, माझ्या मामेभावाची छत्तीस फुटी शिडाची बोट आहे, तो आणि वहिनी ताहितीहून फिजीला निघाले होते आणि मी नोकरीतून ब्रेक घेऊन ताहितीतल्या पापीतेला त्यांना जॉईन झाले. वडोदऱ्यात वाढलेली मुलगी, पाणी म्हणजे सुरसागर, त्यातही मधे शंकर उभा, आणि इथे बोराबोरा बेट सोडल्यावर न्यूए बेटापर्यंत हजारेक नॉटिकल मैल, मधे कुक बेटांचे ठिपके सोडले तर नुसतं पाणी. आग्नेयेकडून व्यापारी वारा सुटलेला, बोट दिवसाला सव्वाशे मैल कापतेय, मी पहिले तीन दिवस बादलीशी बोलतेय. ते असो.

पाचव्या दिवशी बोटीच्या तळाशी पाणी दिसलं. अशा वेळी पहिलं काम म्हणजे हाताचं बोट बुडवून चाटायचं, गोडं असेल तर टाकी गळतेय, खारट असेल तर समुद्र आत येतोय. खारट! दादाने इंजिनाचं झाकण काढलं तर समुद्राचं पाणी खेचून इंजिन थंड ठेवणारा जो पंप असतो त्याच्या पोटाखालून लालसर गंजकं पाणी टपटपतंय. बोराबोराला आठवड्यापूर्वी याच पंपाचं सील, म्हणजे पाणी अडवणारी रबरी रिंग, बदललं होतं. न्यूएला काही करता आलं नाही, तिथे बंदरच नाही, बोट तरंगत्या बोयाला बांधायची आणि छोटी होडी क्रेनने उचलून धक्क्यावर ठेवायची असा प्रकार. मग शक्य तितकं शिडावरच टोंगाला, वावाऊ बेटांतल्या नेयाफूला आलो. न्यूए आणि टोंगाच्या मधे तारखेची रेषा लागते, घड्याळ तेच पण एक दिवस गायब, आमचा नेमका गुरुवार गेला आणि आई फोनवर म्हणाली मग उपवासाचं काय.

लोक मला विचारतात, शिडाची बोट ना, मग इंजिन हवंच कशाला. अहो, प्रवाळातल्या अरुंद वाटेने आत शिरताना वारा उलटा असेल तर शीड काय कामाचं, आणि बॅटरी, फ्रीज, रात्रीचे दिवे, सगळं त्याच्याच जिवावर.

दादाने शोध लावला की पंपाच्या खालच्या बाजूला एक बारीक भोक आहे, पाणी तिथूनच येतंय, एपॉक्सी, म्हणजे दगडासारखा घट्ट होणारा गोंद, भरली की काम फत्ते. एपॉक्सी कालवून तयार होती काका! वहिनी म्हणाली, तुझे ते कलाभवनवाले, बडोद्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजातले काका आहेत ना, एकदा विचार तरी. आमचे दुपारचे दीड म्हणजे तुमचे सकाळचे सहा, तुम्ही चहा घेत होतात. मी व्हिडिओ दाखवला आणि तुम्ही पहिलं काय विचारलंत तर, "इंजिन ऑइल बघ. दुधाळ चहासारखं झालंय का?" नव्हतं झालं. "वाचलात. त्या गाढवाला सांग, ते भोक कंपनीने मुद्दाम ठेवलंय."

मग तुम्ही कपबशी घेऊन समजावलंत. एक सील पाण्याच्या बाजूला, दुसरं ऑइलच्या बाजूला, आणि मधली जागा खाली उघडी, म्हणजे पाण्याचं सील गेलं तर पाणी बाहेर पडावं आणि माणसाला कळावं. ते बुजवलं असतं तर पाणी दुसऱ्या सीलवर चढलं असतं, तिथून ऑइलमध्ये, आणि खाऱ्या पाण्याने सगळ्या इंजिनाची वाट. दादा इतका गप्प झालेला मी त्याच्या लग्नातही बघितला नव्हता.

तरी प्रश्न होताच, नवीन सील का गळतंय. तुम्ही म्हणालात, "शाफ्टवर नख फिरव. अडकतंय?" अडकत होतं. जुन्या सीलने शाफ्टवर, म्हणजे पंपाच्या फिरत्या दांड्यावर, चर पाडला होता आणि आम्ही नवं सील त्याच चरावर बसवलं होतं. लेथ आवाक्यात नाही, नवा शाफ्ट मागवायचा तर किती आठवडे देव जाणे. "मग सील पूर्ण आत दाबू नका, दीड मिलिमीटर बाहेर ठेवा, सीलचा ओठ कोऱ्या जागेवर टेकेल. फक्त भोक झाकलं जात नाही ना बघ." एवढंच! बेअरिंगवरचा नंबर वाचायला लावलात, ६२०३, आणि म्हणालात हा नंबर मकरपुऱ्यात मागा नाहीतर टोंगात, माप तेच. खरंच टोंगाच्या राजधानीहून, नुकुआलोफाहून फेरीने आलं, पण मधे रविवार, आणि टोंगात रविवार पवित्र असं राज्यघटनेतच लिहिलंय, सगळं बंद, चर्चमधलं गाणं मात्र पाण्यावरून पार बोटीपर्यंत येतं.

शाफ्ट रात्रभर आइसबॉक्समध्ये माशाशेजारी ठेवला, बेअरिंग आतल्या रिंगवरच ठोकलं (तुम्ही चार वेळा बजावलंत), तुम्ही फोन धरून बसलात आणि मागून काकू ओरडत होत्या की बँकेत जायचंय. इंजिन चाळीस मिनिटं चालवलं. भोकाखाली धरलेला टिश्यू कोरडा.

तसेच फिजीला सावुसावूपर्यंत गेलो. तिथल्या वर्कशॉपमध्ये लेथवर एक आजोबा, १८७९ ते १९१६ मध्ये भारतातून गिरमिटवर, म्हणजे मजुरीच्या करारावर, नेलेल्यांपैकी कुणाचे तरी नातू, त्यांनी पंप उघडून सील बघितलं आणि मला विचारलं, "ई कौन बताइस?" मी म्हटलं, हमारे काका, बडोदा. त्यांनी मान डोलावली आणि सहजी न गंजणाऱ्या ३१६ स्टीलचा नवा शाफ्ट कातून दिला, आणि चहासुद्धा पाजला.

पैसे तुम्ही घेणार नाही, ते मी विचारतही नाही. जुना शाफ्ट बॅगेत आहे, फिजीच्या नाडी एअरपोर्टवर तो काय आहे हे समजावता समजावता माझं विमान सुटत होतं. रविवारी सकाळी सेव उसळ घेऊन येते, काकूंना म्हणावं नाश्ता करू नका. चर अजून तसाच आहे, नख लावून बघा.

तुमची,
समोरच्या वाड्यातली