सूर्य मावळण्याआधीची मजुरी

महोदय,

नाताळात आमच्या चर्चच्या मंडळीने ब्लँकेटं वाटली, त्याची बातमी आपण छापलीत. त्यावर ‘ख्रिस्ती समाज मुळातच सेवाभावी’ असं एका वाचकाचं पत्रही आलं. कौतुक कोणाला नको असतं! पण त्या रांगेत आमच्याच सोसायटीचा रात्रपाळीचा वॉचमन उभा होता. महिना संपत आला तरी आदल्या महिन्याचा पगार त्याच्या हातात पडला नव्हता. सोसायटीने कंत्राटदाराचं बिल वेळेत चुकतं केलं होतं. पैसे मधेच कुठेतरी मुरले. त्या माणसाला ब्लँकेट नको होतं, त्याचं येणं हवं होतं.

माझी नोकरी तुर्भ्याच्या बाजारात झाली, धान्याच्या गाळ्यावर मेहताजी, म्हणजे हिशेबनीस म्हणून. कडता (वजनातली कापणी), हमाली, तोलाई हीच रोजची भाषा. त्यामुळे असेल, पण पवित्र शास्त्रातला न्याय मला कोर्टकचेरीपेक्षा हिशेबाच्या वहीत जास्त दिसतो. बायबलातल्या ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकात, 25व्या अध्यायात थेट ताकीद आहे, की पिशवीत एक जड आणि एक हलकं अशी दोन वजनं बाळगू नका. आमोस संदेष्टा तर तकोवा गावचा मेंढपाळ, ख्रिस्ताच्या साडेसातशे वर्षं आधीचा. तो व्यापाऱ्यांच्या मनातलं बोलून दाखवतो: शब्बाथ (विसाव्याचा दिवस) कधी सरतो आणि दुकान कधी उघडतो, मग माप लहान करू, काटा मारू, गव्हाचं भूसही खपवू. गव्हाच्या गाळ्यावर बसून हे वाचताना माणूस आधी मालक कुठे आहे ते बघतो.

मजुरीचं ‘अनुवाद’च्याच आदल्या, 24व्या अध्यायात आहे. गरीब मजूर तुमच्यातला असो की परका, त्याची मजुरी त्याच दिवशी सूर्य मावळण्याआधी द्या, कारण त्याचा सगळा जीव तिच्यात अडकलेला असतो. आमचा वॉचमन झारखंडचा आहे, म्हणजे तोही त्यात आलाच.

आमच्या बाजारात आहे ते माथाडींचं, म्हणजे ओझी वाहणाऱ्या हमालांचं मंडळ त्यांचे नेते अण्णासाहेब पाटील यांच्या चळवळीने आणि 1969 च्या कायद्याने उभं राहिलं. व्यापारी मजुरी आणि वर लेव्ही (मजुरीवर ठरावीक टक्के) मंडळात भरतो, हमालाला पगार, फंड, ग्रॅच्युइटी मंडळाकडून मिळते. त्याला गाळ्यापुढे ‘शेठ, बघा ना’ करत उभं राहावं लागत नाही. कुरबुरी तिथेही आहेत, पण शास्त्राला अभिप्रेत न्यायाच्या जवळ जाणारं दुसरं काही मी पाहिलं नाही. आणि ते कुठल्या चर्चमधून आलेलं नाही, हेही सांगायला हवं.

येशूने सांगितलेल्या द्राक्षमळ्याच्या दाखल्यात (मत्तय 20) मळ्याचा मालक सकाळपासून संध्याकाळपर्यंत बाजारातून मजूर नेत राहतो आणि शेवटी सगळ्यांना सारखीच मजुरी देतो. त्यावर आमच्याकडे दरवर्षी प्रवचन होतं आणि विषय देवाच्या कृपेवर जाऊन थांबतो. मला मात्र संध्याकाळी पाचला बाजारात उरलेली माणसं दिसतात. कोणत्याही मजूर नाक्यावर बघा, धडधाकट गडी सकाळीच उचलले जातात. मागे राहतात ती वयस्कर, आजारी माणसं, कडेवर पोर असलेल्या बाया. दाखल्यातला मालक अशा उरलेल्यांना विचारतो, रिकामे का उभे? ते म्हणतात, आम्हाला कोणी कामावर लावलंच नाही. त्यांनाही तो पूर्ण दिनार देतो, म्हणजे पुरी एका दिवसाची मजुरी. घरी खाणारी तोंडं तासांच्या हिशेबाने कमी होत नाहीत.

पगाराचा विषय मी सोसायटीच्या मीटिंगमध्ये काढला, तेव्हा उपासनेला माझ्या शेजारच्या बाकावर बसणारे गृहस्थच म्हणाले, “ते कंत्राटदाराचं आणि त्यांचं आहे, आपण कशाला पडायचं?” मीटिंगमध्ये वाद नको म्हणून बाकीचे गप्प.

तरी पुढच्या सभेसाठी मी लेखी ठराव दिला आहे: सात तारखेपर्यंत सगळ्या माणसांच्या खात्यात पगार जमा झाल्याचा पुरावा दाखवल्याशिवाय कंत्राटदाराचं पुढचं बिल काढू नये. आणि आमच्या मंडळीच्या पंचांनाही विचारणार आहे, की आपल्या देवळाची, म्हणजे चर्चची झाडलोट करणाऱ्या बाईंना आपण किती देतो आणि कोणत्या तारखेला.

— एक निवृत्त मेहताजी, कोपरखैरणे, नवी मुंबई