वृत्तचितीचे माप मुलांना हाताने घेऊ द्या

मा. संपादक,

वृत्तचितीच्या, म्हणजे नळकांड्यासारख्या गोल आकाराच्या, घनफळाचे सूत्र मुलांना तोंडपाठ असते; परंतु घनफळ देऊन उंची विचारली की ती अडखळतात, हे मी घरीच पाहिले. परसातील 1,540 लिटरच्या टाकीभोवती मुलीने सुतळी गुंडाळली, परीघ 440 सेंटिमीटर भरला, त्यावरून व्यास 140 आला आणि तोच तिने त्रिज्या म्हणून घेतल्यामुळे उंची अवघी 25 सेंटिमीटर निघाली. टाकी तर तिच्या कमरेच्याही वर होती! मग त्रिज्या 70 धरून, लिटरचे घनसेंटिमीटर करून, तळाच्या 15,400 चौरस सेंटिमीटर क्षेत्रफळाने भागताच उंची बरोबर 100 सेंटिमीटर आली. सीमाभागातील मराठी शाळांनी हे प्रकरण फळ्यावरच न संपवता मुलांच्या हाती सुतळी व मोजपट्टी द्यावी, ही कळकळीची विनंती.

– एक पालक, खानापूर (जि. बेळगाव)