मालदीवचा हिशोब, खास बाबांसाठी

प्रिय आई-बाबा,

परवा फोनवर बाबांनी "एका रात्रीचे पन्नास हजार? त्यात आपली मोरी नवीन होईल" म्हणून विषयच मिटवला, म्हणून आता लिहूनच पाठवतेय, आई तू मोठ्याने वाचून दाखव.

बाबा, तुम्ही बघितलात तो रेट रिसॉर्टचा. तिकडे रिसॉर्ट म्हणजे अख्खं बेटच एका हॉटेलचं, मग चहापासून बोटीपर्यंत सगळं त्यांच्याच भावाने, पळून जाणार कुठे? पण २००९ पासून जिथे लोकांची वस्ती आहे त्या बेटांवरपण गेस्टहाऊस काढायला परवानगी आहे, आणि समुद्र तोच. मी मैत्रिणींबरोबर गेले होते ते माफुशी बेट तसलंच. वाळूचे रस्ते, बंदरावर जाळीच्या लोंबत्या खुर्च्या, त्यात संध्याकाळी माणसं काळा चहा पीत गप्पा छाटत बसलेली. तिथे तुरुंगपण आहे पण ते सोडा.

आता हिशोब. ग्रीन टॅक्स, म्हणजे पर्यटकांवरचा कर, रिसॉर्टला माणशी रोज १२ डॉलर, छोट्या गेस्टहाऊसला ६. म्हणजे तुम्हा दोघांचे पाच रात्रींत तिथेच ६० डॉलर वाचले. आणि रेटपुढे दोन अधिक चिन्हं दिसली तर सावध, १० टक्के सर्व्हिस चार्ज आणि त्यावर १७ टक्के जीएसटी वेगळा लागतो, १०० चे जवळपास १२९ होतात. मी बुक करताना सगळं धरून किती तेच विचारणार.

विमानतळावरून माफुशीला स्पीडबोट साधारण २५ डॉलर माणशी, अर्ध्या-पाऊण तासात पोचवते पण आपटते फार, बाबांच्या कंबरेला नकोच. सरकारी फेरी दोन-चार डॉलरात जाते, दीड तास लागतो, आरामात. फक्त ती राजधानी मालेहून सुटते, म्हणजे टॅक्सीने पूल ओलांडून जेट्टीवर जायचं, आणि शुक्रवारी बंद. त्यामुळे विमान सकाळी उतरणारं हवं, नाहीतर मालेत मुक्काम पडला की वाचवलेले सगळे तिथेच गेले.

खाण्याचं टेन्शन नाही. सकाळी मासहुनी, म्हणजे कुपा मासा (टूना), ओलं खोबरं, कांदा, मिरची कालवलेलं, बरोबर रोशी म्हणजे आपली पोळीच. आई तुला आवडेलच, फक्त संकष्टीला तुझी पंचाईत, तेव्हा साबुदाणा घेऊन चल. हॉटेलात न जाता साध्या टपरीवर खाल्लं तर खर्च निम्म्याहून कमी. बाबा, एक वाईट बातमी, वस्तीच्या बेटांवर दारू बंद आहे आणि बॅगेतून नेलीत तर विमानतळावरच काढून घेतात. पोहायचे कपडेपण फक्त ठराविक बीचवर चालतात, आई तुझे पंजाबी ड्रेस एकदम फिट.

रिसॉर्ट बघायचंच असेल तर एक दिवसाचा पास काढू, जेवणासकट मिळतो. सीप्लेन मात्र नाही म्हणजे नाही.

नाताळचा आठवडा सोडून जानेवारी-फेब्रुवारी बघतेय, पाऊस कमी असतो, तुम्ही रिटायर्ड त्यामुळे मंगळवार-बुधवारचं स्वस्त तिकीट चालेल. व्हिसा तिथे उतरल्यावर फुकट मिळतो. दोघांच्या पासपोर्टच्या पहिल्या पानाचे फोटो व्हॉट्सॲपवर टाका, बाबांचा संपत आला असेल तर आत्ताच रिन्यूला टाकायला हवा. आणि मोरीचं पण बघू हो.

तुमची,
चिऊ