अपक्षाला निधी कोण देणार? नगरविकास मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. नगरविकास मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

विषय : नगरपरिषदेच्या दैनंदिन सेवा आणि त्यांसाठी मिळणारा निधी यांबाबत.

महोदय,

सविनय नमस्कार.

मी एका ‘ब’ वर्ग नगरपरिषदेच्या निवडणुकीत अपक्ष उमेदवार म्हणून उभी आहे. प्रचारासाठी दारोदार जाते तेव्हा लोक पाणी, गटार, कचरा, दाखले यांविषयी भरभरून बोलतात. निघताना मात्र बहुतेक घरांत एकच प्रश्न येतो : “ताई, तुमचं सगळं पटतंय, पण अपक्षाला निधी कोण देणार?” या प्रश्नाचे अधिकृत उत्तर माझ्यापेक्षा आपल्या खात्याने देणे योग्य आहे, आणि ते सर्वांना ऐकू यावे असे वाटते, म्हणून हे पत्र जाहीरपणे लिहीत आहे.

प्रश्न विचारणाऱ्यांना मी दोष देत नाही. सत्तेतल्या पक्षाचा नगरसेवक निवडून दिला नाही तर प्रभागात काम होणार नाही, असे प्रचारसभांमधून उघडपणे सांगितले जाते आणि ऐकणाऱ्याला त्यात वावगे वाटेनासे झाले आहे. वास्तविक राज्यघटनेची ७४वी दुरुस्ती १ जून १९९३ रोजी अमलात आली ती शहरांचा कारभार कोणाच्या मर्जीवर राहू नये यासाठीच. तिने बाराव्या अनुसूचीत नागरी संस्थांसाठी १८ विषय नमूद केले आणि राज्याच्या उत्पन्नातील वाटा कोणत्या तत्त्वावर द्यावा हे सुचवण्यासाठी दर पाच वर्षांनी राज्य वित्त आयोग नेमण्याची तरतूद केली. पंधराव्या केंद्रीय वित्त आयोगानेही दहा लाखांहून कमी लोकसंख्येच्या शहरांसाठी दिलेल्या अनुदानाचा ६० टक्के भाग पिण्याचे पाणी आणि स्वच्छता यांच्याशी बांधून ठेवला. या सगळ्यात नगरसेवकाच्या पक्षाचा प्रश्न कुठेही येत नाही.

तो येतो, असा लोकांचा समज आहे तो दुसऱ्या प्रकारच्या पैशाबाबत. वैशिष्ट्यपूर्ण कामांसाठीचे विशेष अनुदान असो वा नगरोत्थानसारख्या, शहरांतील पायाभूत कामांसाठीच्या राज्याच्या योजनांमधील मंजुऱ्या असोत, कोणत्या शहराला किती रक्कम मिळाली, कोणत्या निकषावर मिळाली आणि कोणता प्रस्ताव कोणत्या कारणासाठी मागे राहिला, हे सामान्य मतदाराला एका जागी, त्याच्या भाषेत वाचता आले पाहिजे. माझी आपल्याकडे पहिली मागणी हीच आहे. निकष आणि यादी दोन्ही नगरपरिषदेच्या सूचना फलकावर लागली, तर दारातल्या त्या प्रश्नाला आपोआप उत्तर मिळेल.

आता निवडून आल्यास मी कशाला प्राधान्य देणार आहे ते सांगते, कारण निधी हवा तो कशासाठी हेही स्पष्ट असायला हवे.

सर्वांत आधी पाणी. नळ आणि मलनिःसारण वाहिन्या असलेल्या शहरात माणशी दररोज १३५ लिटर पाणी मिळावे, हा मानदंड कागदावर सर्वत्र आढळतो. परंतु सरासरीचा हा आकडा जलकुंभाजवळच्या घराला आणि वाहिनीच्या शेवटच्या टोकावरच्या घराला एकाच मापाने मोजतो. जिथे दोन-तीन दिवसांआड पाणी येते, तिथे मधल्या काळात वाहिन्या रिकाम्या राहतात आणि शेजारच्या गटाराचे पाणी फुटक्या सांध्यांतून त्यांत झिरपते. पंप हाऊसवर टीसीएल म्हणजे पाणी निर्जंतुक करणारी ब्लीचिंग पावडर व्यवस्थित टाकली तरी शेवटच्या नळापर्यंत क्लोरीन टिकलेच असेल, याची खात्री त्यामुळे देता येत नाही. नळाच्या पाण्यात प्रतिलिटर किमान ०.२ मिलिग्रॅम अवशिष्ट, म्हणजे शिल्लक उरलेले क्लोरीन असले पाहिजे. ते आहे की नाही हे पाहणारी ओटी टेस्ट काही मिनिटांत होते आणि तिला फारसा खर्चही येत नाही. ती रोज टोकाच्या घरी व्हावी, त्या घरातल्या माणसाची सही नोंदवहीत घेतली जावी आणि आठवड्याच्या नोंदी प्रभागात लावल्या जाव्यात, असा माझा आग्रह राहील. पावसाळ्यात जुलाबाची साथ आल्यानंतर नमुने प्रयोगशाळेकडे पाठवण्यापेक्षा हे कितीतरी स्वस्त आहे.

पाण्याबाबत आणखी एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते, आणि अधिक पाणी मागण्याच्या घाईत तिच्याकडे दुर्लक्ष होते. पाणी कमी येते यापेक्षा ते कधी येईल हे माहीत नसते, याचा जाच मोठा आहे. व्हॉल्व्हमन पहाटे व्हॉल्व्ह उघडणार की दुपारी, हे ठाऊक नसल्यामुळे घरातल्या एका माणसाला, म्हणजे बहुधा बाईला, दिवसभर अडकून पडावे लागते आणि ती मजुरीवर जाणारी असेल तर तिची त्या दिवसाची कमाईच बुडते. ठरलेले वेळापत्रक पाळणे आणि ते चुकणार असेल तर आदल्या दिवशी कळवणे, यासाठी नवे धरण लागत नाही. जलकुंभातून किती पाणी सुटले आणि नळांपर्यंत किती पोहोचले, याचे मोजमापही तितकेच आवश्यक आहे. ते होत नाही तोवर गळतीचा प्रत्येक आकडा अंदाजाचाच राहील आणि त्या अंदाजावर कोट्यवधींच्या नव्या योजना आखल्या जातील.

दुसरे प्राधान्य कचऱ्याचे. ओला, सुका आणि घरगुती घातक कचरा दारातच वेगळा करण्याचा नियम २०१६ साली झाला. अनेक घरे तो पाळतातही, पण त्यांच्या डोळ्यांदेखत सगळा कचरा घंटागाडीत एकत्र होतो. ठेकेदाराला वजनावर पैसे मिळत असतील तर वर्गीकरणात त्याचा काहीच लाभ नाही, उलट माती मिसळली तर बिल वाढते. देयक किती घरांतून वेगवेगळा कचरा उचलला यावर ठरावे, अशी अट ठेक्यात घालता येते आणि ती घातलीच पाहिजे. त्याच करारात सफाई कामगारांचे किमान वेतन, भविष्य निर्वाह निधी, गमबूट आणि हातमोजे यांची जबाबदारी स्पष्ट लिहिलेली असावी. हाताने मैला उचलण्याच्या प्रथेविरुद्धचा कायदा २०१३ साली झाला, तरीही गटारात आणि सेप्टिक टँकमध्ये माणसे गुदमरून मरतात. आपल्या शहरात साधनांशिवाय एकही माणूस त्यात उतरणार नाही, याबाबतीत मी कोणतीही तडजोड स्वीकारणार नाही.

रस्त्यांविषयी फार लिहीत नाही. चांगल्या अवस्थेतले पेव्हर ब्लॉक उखडून नवे बसवण्याऐवजी आहे ते दुरुस्त ठेवावे आणि जलवाहिनीचे काम झाल्याशिवाय त्यावर काँक्रीट ओतू नये, एवढेच. देखभाल-दुरुस्तीला भूमिपूजन नसते आणि कोनशिलाही नसते, म्हणून अंदाजपत्रकात तिच्या वाट्याला उरलेसुरले येते. हा क्रम उलटा करण्याची माझी इच्छा आहे.

दाखल्यांच्या बाबतीत कायदा नागरिकांच्या बाजूने आहे. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ नुसार अधिसूचित सेवा ठरलेल्या मुदतीत मिळणे हा हक्क आहे, अपिलाची सोय आहे आणि विनाकारण विलंब करणाऱ्या अधिकाऱ्याला ५०० ते ५००० रुपये दंड होऊ शकतो. अडचण इतकीच की मुदत अर्ज दाखल झाल्यापासून मोजली जाते आणि “अजून एक कागद आणा” असे तोंडी सांगून माणसाला परत पाठवले, तर अर्ज दाखलच होत नाही. म्हणून खिडकीवर आलेल्या प्रत्येकाला पोच मिळावी आणि अपुऱ्या कागदांची यादी एकदाच, लेखी दिली जावी, हे मी पहिल्याच सभेत मांडणार आहे.

घरपट्टी माफ करण्याचे आश्वासन मी कोणालाही दिलेले नाही. पाण्याची आणि कचऱ्याची सेवा फुकट चालत नाही, हे मतदारांना माझ्याइतकेच कळते. घेतलेल्या पैशाचा हिशेब मात्र प्रभागनिहाय मिळावा, ही त्यांची अपेक्षा रास्त आहे.

यांतील बरेच काही नगरपरिषद स्वतः करू शकते, परंतु माणसांशिवाय करू शकत नाही. मुख्याधिकाऱ्यांची नेमणूक शासन करते. जिथे त्यांच्याकडे शेजारच्या शहराचा अतिरिक्त कार्यभार असतो, तिथे सहीसाठी फायली पडून राहतात. आकृतिबंधात, म्हणजे पदांच्या मंजूर आराखड्यात असलेली पाणीपुरवठा अभियंता, लेखापाल, स्वच्छता निरीक्षक ही पदे रिकामी राहिली, तर सभागृहाचे ठराव राबवणार कोण? निवडणुका लांबल्यामुळे अनेक नगरपरिषदांचा कारभार काही वर्षे प्रशासकांकडे राहिला आणि त्या घेण्याचा आदेश २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला द्यावा लागला. त्या काळात शहरातल्या माणसाला प्रश्न विचारायला जागाच उरली नव्हती. खेड्यातल्या नागरिकाला निदान ग्रामसभा असते. आमच्या प्रभागांतही वर्षातून ठरलेल्या वेळी क्षेत्रसभा, म्हणजे तिथल्या मतदारांची सभा भरावी आणि तिचे इतिवृत्त नगरपरिषदेने स्वीकारावे, यासाठी आपल्या खात्याने सर्व नगरपरिषदांना स्पष्ट निर्देश द्यावेत, अशी माझी विनंती आहे.

आचारसंहितेच्या काळात आपण नवी घोषणा करू शकत नाही, हे मी जाणते. म्हणून या काळात नवे काही मागत नाही. नगरपरिषदेला मिळणारा निधी नगरसेवकाच्या किंवा नगराध्यक्षाच्या पक्षावर अवलंबून नसतो, एवढेच आपण मतदानापूर्वी जाहीरपणे सांगावे. ते मला मत देणाऱ्यांना जितके हवे आहे तितकेच न देणाऱ्यांनाही हवे आहे.

आपली नम्र,
नगरपरिषद निवडणुकीतील एक अपक्ष उमेदवार