अंगठ्याच्या नखाचा खुलासा

अटलांटा, जॉर्जिया
12 ऑक्टोबर 2025

तीर्थरूप बाबांस,

शिरसाष्टांग नमस्कार. वि. वि.

गेल्या रविवारी व्हिडिओ कॉलवर आईला माझ्या डाव्या अंगठ्याचे काळेनिळे नख दिसले, तेव्हा ‘दारात सापडले’ असे सांगून मी वेळ मारून नेली. तुमचा त्यावर विश्वास बसला नाही, हे तुमच्या गप्प बसण्यावरूनच कळले. खरे असे आहे, की ते नख हातोड्याखाली सापडले. गेले सहा आठवडे दर शनिवारी मी हॅबिटॅट फॉर ह्युमॅनिटी या संस्थेच्या एका घराच्या बांधकामावर स्वयंसेवक म्हणून जातो आहे.

ही संस्था मिलर्ड आणि लिंडा फुलर या दांपत्याने 1976 मध्ये अमेरिकस या गावी सुरू केली. ते गाव इथून दक्षिणेला मोटारीने सुमारे अडीच तासांवर आहे. संस्था घर फुकट देत नाही. ज्या कुटुंबाला ते मिळणार असते ते झेपेल अशा हप्त्यांनी कर्ज फेडते, आणि शिवाय ठरलेले तास स्वतः बांधकामावर राबते. घरावरचा खर्च मिळकतीच्या 30 टक्क्यांच्या आत राहिला तर ते घर परवडणारे, असा इथला सर्वसाधारण हिशेब आहे, आणि तो जमवण्यासाठी मजुरीचा बराचसा भार स्वयंसेवक उचलतात. 2006 मध्ये माजी राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर लोणावळ्याजवळ मळवलीला 100 घरे बांधायला आले होते, ती हीच संस्था. तेव्हा त्यांचे वय 82 होते. आईला हेही सांगावे, की 2019 मध्ये, वयाच्या 95 व्या वर्षी, घरात पडून भुवईवर 14 टाके पडलेले असताना ते दुसऱ्या दिवशी नॅशव्हिलच्या बांधकामावर हजर होते. माझे तर नुसते नख आहे.

आमच्या कामावर येणारे बहुतेक स्वयंसेवक निवृत्त आहेत. एक वायरमन आहेत. एक हिशेबनीस बाई आहेत, ज्या घराचा नकाशा ताळेबंद तपासावा तसा तपासतात. आणि सगळ्यांचे प्रमुख म्हणजे 74 वर्षांचे एक सुतार. इथे सारे जण त्यांना पहिल्या नावाने हाक मारतात, पण माझ्या तोंडून ते अजून निघत नाही. त्यांच्या हाताखाली पाच-सहा तरुण असतात. शाळा अर्धवट सुटलेल्या मुलांना काही दिवस वर्गात आणि काही दिवस बांधकामावर शिकवणाऱ्या एका कार्यक्रमातून ते येतात. ही पद्धत यूथबिल्डने रूढ केली. 1978 मध्ये न्यूयॉर्कच्या ईस्ट हार्लेममध्ये डोरोथी स्टोनमन यांच्याबरोबर तिथल्या मुलांनी पडक्या इमारती दुरुस्त करायला घेतल्या, त्यातून हा कार्यक्रम उभा राहिला आणि 1992 मध्ये त्याला केंद्रीय कायद्याचा आधार मिळाला. तो 16 ते 24 वयाच्या मुलांसाठी असतो.

आता नखाकडे येतो. इथल्या भिंतीचा सांगाडा लाकडाचा असतो. तो जमिनीवर आडवा ठोकून मग उभा करतात, आणि त्यातले वासे दर 16 इंचांवर बसवतात, कारण वर ठोकायचा तक्ता 4 फूट रुंद असतो आणि त्याची कड वाशाच्या बरोबर मध्यावर यावी लागते. खालच्या पट्टीवर पेन्सिलने रेघ मारून तिच्या एका बाजूला फुली करतात. वासा फुलीच्या बाजूला बसवायचा. माझ्या जोडीला 17 वर्षांचा एक मुलगा होता. त्याने विचारले, “फुली या बाजूला आहे ना?” मी इंजिनीअर असल्याच्या तोऱ्यात म्हणालो, “रेघेला लागला की झाले.” आम्ही सात वासे चुकीच्या बाजूला ठोकले.

सुतारकाका हातात चहाचा पेला घेऊन सगळे बघत होते, याचा पत्ता मला नंतर लागला. ते काही बोलले नाहीत. त्यांनी एक तक्ता आणून सांगाड्यावर आडवा ठेवला आणि मुलाला एवढेच विचारले, “या कडेला खिळा कुठे मारशील?” त्याने कडेखाली बोटे घातली, तर तिथे लाकूडच नव्हते. वाशाची जाडी दीड इंच, आणि आमची चूकही दीड इंचाचीच. मुलगा माझ्याकडे बघू शकला असता, पण त्याने बघितले नाही. तो खिळे उपसायची पहार आणायला गेला. पहार मी घेतली. एका वाशाला चार, म्हणजे 28 खिळे उपसले, आणि ते पुन्हा ठोकताना घाईत अंगठ्यावर घाव बसला.

बाबा, तुम्ही 31 वर्षे वर्गात शिकवलेत, म्हणून हे तुम्हालाच लिहावेसे वाटले. वर्गात चूक दाखवायला शिक्षक लागतो. इथे ती तक्ता दाखवतो, आणि त्यामुळे शिकवणाऱ्याला अपमान न करता गप्प राहता येते. अर्थात सगळ्यांनाच ते साधते असे नाही. आमचे वायरमन सज्जन आहेत, पण मुलाचा हात जरा अडखळला की अवजार काढून घेतात आणि दोन मिनिटांत काम उरकतात. ते मुलगे मग भिंतीला टेकून फोन बघत बसतात. माझ्या मते या कामातला खरा तोटा तोच आहे. लाकूड वाया जाणे त्यापुढे काहीच नाही. सुतारकाका मात्र हात खिशात घालून उभे राहतात. गुडघे दुखत असल्यामुळे त्यांना शिडी चढवत नाही, हेही त्यांच्या संयमाचे एक कारण असावे, असे ते स्वतःच हसत सांगतात.

आणखी एक गोष्ट. समोरासमोर बसवले तर ही मुले एक शब्द बोलत नाहीत. पण एकाने वासा धरायचा आणि दुसऱ्याने ठोकायचा, म्हणजे दोघांचीही नजर लाकडावर, असे असले की बोलणे आपोआप निघते. वडील कुठे आहेत, परीक्षेची भीती कशी वाटते, भाऊ कोणाच्या नादाला लागला आहे, हे सगळे मी तसेच ऐकले. सुतारकाका त्यावर उपदेश करत नाहीत. फार तर म्हणतात, “धर घट्ट,” आणि थोड्या वेळाने परीक्षेची तारीख विचारतात. ती तारीख त्यांच्या लक्षात राहते, हे मुलांनाही ठाऊक आहे.

18 वर्षे पूर्ण होईपर्यंत कोणालाही छतावर चढायची किंवा विजेच्या करवतीला हात लावायची परवानगी नसते, त्यामुळे माझा जोडीदार गेले दोन महिने खालूनच वर बघतो आहे. छताच्या कैच्या, म्हणजे छपराचे त्रिकोणी लाकडी सांगाडे, 8 नोव्हेंबरला चढणार आहेत, आणि त्याचा वाढदिवस 6 तारखेला आहे. त्याने काकांना विचारून ठेवले आहे, की तुम्ही खाली उभे राहून कैची सरळ बसली की नाही ते सांगाल का. काकांनी त्या दिवसासाठी घरून एक खुर्ची आणायचे ठरवले आहे. मी तिथे कैचीचे दुसरे टोक धरून असेन.

नख उतरायला अजून महिनाभर लागेल. सौ. आईस सा. नमस्कार.

तुमचा,
धाकटा