विषय: आठ महिन्यांत बसलेली 'ऑर्थो' गादी आणि 'वॉरंटीत बसत नाही' हे तुमचं उत्तर

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक तक्रार विभाग

आज सकाळी तुमच्या ग्राहक सेवेशी सहाव्यांदा बोलले. यापुढे फोन करणार नाही. हे पत्र गाद्या बनवणाऱ्या माणसाच्या हातात द्या, फोन उचलणाऱ्याच्या नको.

गादी ७२ × ६० × ६ इंच. वर २ इंच मेमरी फोम, खाली ४ इंच 'हाय डेन्सिटी' फोम, १० वर्षांची वॉरंटी, किंमत २४,५०० रुपये. नोव्हेंबरात म्हापशाला पोचली. मे महिन्यापासून दोन्ही बाजूंना कमरेखालची जागा मऊ पडत गेली. खाट फळ्यांची आहे, दोन फळ्यांत ६५ मिलिमीटरची फट, मधोमध पाचवा पाय. फोटो तीनदा पाठवलेत.

जुलैत तुमचा माणूस तपासणीला आला. चादर काढली, गादीवर आडवी दोरी ताणली, पट्टी उभी धरली आणि १४ मिलिमीटर खड्डा लिहून घेतला. वॉरंटीची मर्यादा २५, म्हणून चार मिनिटांत 'दोष नाही'. त्याचा आकडा बरोबर होता, त्याच्याशी माझं भांडण नाही. पण तो आकडा रिकाम्या गादीचा होता. फोम दोन प्रकारे जातो. एकात खड्डा पडून तो तसाच राहतो. दुसऱ्यात वरून सपाट दिसतो पण वजन पडलं की पूर्वीसारखा उचलून धरत नाही. तुमची दोरी फक्त पहिला प्रकार पकडते. माझ्या गादीला दुसरा झालाय, आणि तो मोजायचा कसा हे तुमच्या कारखान्याला माहीत आहे. आठ इंची चकती फोमवर दाबतात, जाडीच्या २५ टक्के आत जायला किती न्यूटन जोर लागला ते बघतात, मग ६५ टक्क्यांला किती ते बघतात. पहिला आकडा म्हणजे कडकपणा. दुसऱ्याला पहिल्यानं भागलं की आधार कळतो. साध्या फोमला हे उत्तर २ च्या आसपास येतं, चांगल्याला बरंच वर.

चकती माझ्याकडे नाही, म्हणून १० इंची पोळपाट घेतला. गादीवर पालथा घातला, त्यावर २० लिटरचा भरलेला पाण्याचा जार ठेवला, कलंडू नये म्हणून मान हलकेच धरली आणि एक मिनिट थांबून शेजारच्या ताणलेल्या दोरीपासून पोळपाटाच्या कडेपर्यंत मोजलं. दोघांच्या मधली पट्टी, जिथे कुणीच झोपत नाही, तिथे ३१ मिलिमीटर. डावीकडे कमरेखाली ५२. उजवीकडे ४९. प्रत्येक जागी तीनदा मोजलं, दोन मोजमापांत अर्धा तास जाऊ दिला, कारण मेमरी फोम सावकाश वर येतो. तीच गादी, तीच खोली, तोच जार, आणि २१ मिलिमीटरचा फरक. रिकामेपणी दिसणारे १४ धरले तरी बाकीचे ७ तुमच्या दोरीला दिसतच नाहीत.

हे सगळं आज फोनवर सांगितलं. ते बोलणं जसंच्या तसं लिहिते, कारण तुमच्या नावानं काय बोललं जातं ते तुम्हाला कळायला हवं.

आधी विचारलं, "मॅडम, तुमचं वजन किती?" सांगितलं, ५८. "आणि मिस्टरांचं?" ७४. "मग बरोबर आहे, वजनानं गादी बसतेच." मी म्हटलं, तुमच्या माहितीपत्रकात माणशी १०० किलोपर्यंत चालेल असं छापलंय. तर म्हणे, "ते जनरल असतं." मग मी पोळपाटाचे आकडे दिले. त्यावर हसण्याचा आवाज आला. मग, "मॅडम, गादी मऊ झाली म्हणजे ती आता तुमच्या शरीराला ओळखायला लागली." मी म्हटलं, मऊपणाची तक्रारच नाही, आधार गेलाय. उत्तर आलं, "सॉफ्ट-हार्ड आणि सपोर्ट एकच असतं." आणि शेवटी, "एवढं हार्ड हवं असेल तर थोडे दिवस खाली चटईवर झोपून बघा, गोव्यात उकाड्यात तसंही सगळे खालीच झोपतात."

२४,५०० रुपये घेऊन चटईवर झोपायला सांगितलंत. गोव्यातली माणसं कुठे झोपतात ते तुम्ही आम्हाला सांगू नका.

सॉफ्ट-हार्ड आणि सपोर्ट एक नाही. टेकल्याबरोबर हाताला लागतो तो कडकपणा. पाठीचा कणा सरळ राहतो की नाही, तो आधार. कुशीवर झोपणाऱ्याचा खांदा आणि कंबरेचं हाड थोडं आत जायलाच हवं, नाहीतर तिथे रग लागते. त्याच वेळी खालच्या थरानं कंबरेला पुढे बुडू देता कामा नये. उताणं झोपून कंबरेखाली हात सरकवला आणि तो मोकळा फिरला तर गादी फार कडक, हात शिरलाच नाही तर बूड खाली गेलंय. जेमतेम सरकला तर ठीक. 'ऑर्थो' म्हणजे दगडासारखी असंही मी कधी म्हटलं नाही. २००३ साली 'लॅन्सेट'मध्ये स्पेनमधला अभ्यास छापून आला होता. जुनाट कंबरदुखीच्या ३१३ जणांत कडक गादीपेक्षा मध्यम कडक गादीचा गुण जास्त आला. नोव्हेंबरात तुमची गादी तशीच, मध्यम कडक होती. ती तशी राहिली नाही, एवढीच तक्रार आहे.

'गोव्याची हवा दमट' हे कारण दोनदा ऐकवलंत. दमट हवेनं फोम थोडा नरम होतो, उबेनं मेमरी फोम आणखी, हे खरं आहे. मग मधली पट्टी अजून ३१ वरच कशी? ती काय कोरड्या हवेत झोपते? आणि 'सात दिवस उन्हात घाला' हा सल्ला तर कुणालाच देऊ नका. कापसाची गादी उन्हात घालतात, पिंजूनही घेतात. फोम उन्हानं पिवळा पडतो, मग हाताला भुगा लागतो. त्यातून जुलैतल्या म्हापशात सात दिवस ऊन आणायचं कुठून?

आता खरा मुद्दा. माहितीपत्रकात मेमरी फोमची घनता ५० आणि खालच्या फोमची ४० किलो प्रति घनमीटर छापली आहे. या मापाच्या गादीत वरचा थर ०.१४ घनमीटर भरतो, खालचा ०.२८. म्हणजे नुसता फोम १८ किलोच्या वर हवा. कुरियरच्या पावतीवर प्रत्यक्ष वजन १४.२ किलो आहे, तेही खोकं, प्लास्टिक आणि खोळीसकट. खोकं आणि खोळ बिनवजनाची धरली तरी सरासरी घनता ३४ च्या वर जात नाही. चार किलो फोम गेला कुठे?

घनता म्हणजे कडकपणा नव्हे हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. २८ चा फोमही रसायनं जुळवून नवा असताना कडक करता येतो, म्हणून दुकानात दाबून बघणाऱ्याला काही कळत नाही. पण त्यात माल कमी असतो, आतली जाळी पातळ काड्यांची असते, आणि रोज सात-आठ तास त्याच जागी दाब पडला की ती मोडत जाते. माझ्या गादीत नेमकं हेच झालं आहे, आणि तुम्ही विचारलंत की तुमचं वजन किती.

तुमच्या कंपनीची गादी विश्वासानं घेतली होती. घरातल्या दोघांना घ्यायलाही सांगितलं होतं. त्यांना आता फोन करून कुरियरची पावती शोधायला सांगितली आहे.

पैसे परत हवेत, पूर्ण. बदली गादी नको, कारण तीही त्याच फोमची येईल. चवथीला घरी पाहुणे येतात, त्याआधी हे मिटवा. हे पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत लेखी उत्तर आलं नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करून उत्तर गोवा जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार घालीन. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं ती मला राहत्या जिल्ह्यात घालता येते आणि ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही. सदोष माल आणि दिशाभूल करणारी जाहिरात, दोन्ही मुद्दे त्यात असतील. सोबत माहितीपत्रक, बिल, कुरियरची पावती आणि पोळपाटाच्या मोजमापांचे नऊ फोटो जोडले आहेत.

गादी न्यायला माणसं पाठवाल तेव्हा बरोबर वजनकाटा द्या. खोळ काढून, दोन्ही थर माझ्यासमोर तोलून, आकडा लिहून सही करायची. त्याशिवाय गादी दाराबाहेर जाणार नाही.

एक ग्राहक,
म्हापसा, गोवा