ओहोटीच्या वेळी होडी, आणि दंड घरमालकाला

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी
(तुमच्या ॲपवर या पदापुढे माणसाचं नाव नाही, म्हणून पदालाच लिहितो.)

डोंबिवली, 19 नोव्हेंबर 2025

विषय: मालवणजवळच्या कालावल खाडीतल्या मुक्कामाचं बुकिंग, होडीची बदललेली वेळ आणि त्यानंतरचा तुमचा कारभार

आज दुपारी तुमच्या हेल्पलाइनवर सहाव्यांदा फोन केला. एकतीस मिनिटं चालला. त्यातली एकोणीस मिनिटं बासरी ऐकली. उरलेल्या बारा मिनिटांत जे ऐकलं, त्यापेक्षा बासरी बरी होती.

बुकिंग तुमच्यासमोर आहेच. 6 आणि 7 नोव्हेंबर, दोन रात्री, दोन खोल्या, माणसं चार, 11,400 रुपये आगाऊ, ‘होडीने ने-आण समाविष्ट’. घर जुव्यावर आहे. जुवा म्हणजे खाडीतलं बेट. तिथे रस्ता जात नाही, होडी हाच रस्ता. तुमच्याच पानावर मोठ्या अक्षरांत लिहिलंय, ‘चहूबाजूंनी पाणी’. (त्या ओळीवरचा फोटो केरळमधल्या हाउसबोटीचा आहे. कालावलच्या खाडीत तसली बोट मला कुठे दिसली नाही. पण तो विषय आज काढत नाही.) हे चहूबाजूंचं पाणी दिवसातून दोनदा येतं आणि दोनदा जातं. तुम्ही ज्याचे पैसे घेता त्या पाण्याबद्दल एवढं तरी तुम्हाला ठाऊक असेल, असं मी धरून चाललो होतो.

बुकिंग करताना होडीची वेळ सकाळी अकराची होती. ती घरमालक काकांनी दिलेली. आम्ही त्याच हिशेबाने कोकणकन्येने सकाळी कणकवलीला उतरलो. स्टेशनच्या बाहेर चहा पिताना तुमचा मेसेज आला: ‘आनंदाची बातमी! तुमचा चेक-इन आता संध्याकाळी 5.30 वाजता. लवकर आल्यास प्रत्येकी 500 रुपये.’ आनंद कुणाला झाला ते कळवा. आमच्यात तरी कुणाला झाला नाही. माझी आई चौऱ्याहत्तर वर्षांची आहे, दोन्ही गुडघे दुखतात. तिला घेऊन दिवसभर मालवणात वेळ काढला आणि साडेपाचला धक्क्यावर हजर झालो. पाच मिनिटं आधीच.

समोर खाडी नव्हती. चिखल होता. करडा, चकाकता, भोकाभोकांतून बुडबुडे येणारा चिखल. त्यात खेकडे पळत होते आणि पलीकडच्या कांदळवनाची मुळं पार तळापासून उघडी पडली होती. होडी होती, पण पंचवीस-तीस पावलांवर, एका कुशीवर कललेली. नांगराचा दोर सैल पडून चिखलात रुतलेला.

आदल्या दिवशी कार्तिकी पौर्णिमा होती. या वर्षातला सगळ्यात मोठा चंद्र त्या रात्री दिसला, सगळ्या वर्तमानपत्रांत फोटो होते. पौर्णिमा-अमावास्येला उधाण येतं आणि उधाणाची ओहोटीही तेवढीच खोल जाते. किनाऱ्यावरची माणसं तिथीला पाऊणपट करून भरतीची वेळ काढतात. प्रतिपदा म्हणजे बारानंतर पाऊण तास, म्हणजे दुपारी पाऊणच्या सुमाराला भरती. गावोगाव थोडं पुढे-मागे होतं. त्यात सहा तास मिळवले की ओहोटी. अकराला पाणी चढत होतं, होडी सुखाने गेली असती. साडेपाच ही वेळ तुम्ही मुद्दाम शोधून काढली असती तरी इतकी अचूक सापडली नसती.

काकांचा मुलगा गुडघाभर चिखलातून चालत आमच्याकडे आला. डोक्यावर टॉवेलात बांधलेला थर्मास आणि चकल्यांचा डबा. म्हणाला, ‘‘बाबांनी तेंका दोनदा फोन केल्यानी. साडेपाचाक पाणी खंय आसतला, म्हणान. ते म्हणतत, सिस्टीम बदलूक येणा नाय.’’ आम्ही धक्क्यावर बसून राहिलो. डास होते, पुढे चंद्रही वर आला. आईसाठी समोरच्या घरातल्या बाईंनी खुर्ची आणून दिली. पावणेनऊला पाणी होडीखाली आलं, ती सरळ झाली, आणि नऊ वाजून गेल्यावर आम्ही पलीकडे उतरलो. काकूंनी तिसऱ्यांचं (शिंपल्यांचं) सुकं आणि भात पुन्हा गरम करून वाढला. आई जेवता जेवता झोपली.

तुमच्या चुकीने साडेतीन तास धक्क्यावर गेले. वेळ अकराची होती. ती तुम्ही बदलली. हे एकदा नीट वाचा, कारण आजच्या फोनवरच्या बाईंना मी ते चारदा सांगितलं.

आता तो फोन.

सुरुवातीला त्यांनी विचारलं, ‘‘सर, प्रॉपर्टी बंद होती का?’’ म्हटलं, नाही. ‘‘मग प्रॉपर्टीने प्रवेश नाकारला का?’’ नाही. प्रॉपर्टी उघडी होती, दिवे लागले होते, काकू पडवीत उभ्या राहून हात करत होत्या, आम्हाला दिसत होत्या. मध्ये पाणी नव्हतं. त्यावर बाई म्हणाल्या, ‘‘सर, पाण्याची तक्रार असेल तर ती हाउसकीपिंगमध्ये येते. बाथरूममध्ये पाणी नव्हतं का?’’

मी शांत होतो. साक्षीला बायको आहे. म्हटलं, बाथरूममध्ये होतं, नदीत नव्हतं. टाइप केल्याचा आवाज आला. मग, ‘‘सर, नदी उपलब्ध नव्हती की दिसत नव्हती?’’

मी भरती-ओहोटी समजावून सांगितली. चंद्रापासून सुरुवात केली. त्यांनी ऐकूनही घेतलं, तेवढं श्रेय देतो. मग म्हणाल्या, ‘‘पण सर, ओहोटी होती याचा काही पुरावा?’’ कॅलेंडरच्या पानाचा फोटो मी 8 तारखेलाच पाठवला होता, पौर्णिमेच्या चौकोनाला पेनाने गोल करून. ‘‘हो सर, तो मिळालाय. पण कॅलेंडर चालत नाही. इन्व्हॉइस लागतं.’’ ओहोटीचं इन्व्हॉइस. कोणाच्या नावाने मागवू? वरुणाच्या की चंद्राच्या?

मग ‘सीनियर’ आले. यांनी नदीचा विषयच काढला नाही. आमच्या नोंदीत काय लिहिलंय ते वाचून दाखवलं: ‘पाहुणे साडेतीन तास उशिरा पोहोचले.’ म्हणून परतावा नाही. सदिच्छा म्हणून 350 रुपयांचं कूपन, नव्वद दिवसांत वापरायचं, किमान बुकिंग 5,000. मी साडेपाचला धक्क्यावर असल्याची नोंद तुमच्याच ॲपमध्ये आहे, कारण तुमच्या ॲपने तेव्हा मला ‘तुम्ही पोहोचलात! अनुभव कसा आहे?’ असं विचारलं होतं. सीनियर म्हणाले, ‘‘सर, धक्का म्हणजे प्रॉपर्टी नव्हे.’’

एवढ्यावर मी गप्प बसलो असतो. साडेतीन तास गेले, गेले. कोकणात माणूस पाण्याची वाट बघायला शिकतो. पण काल रात्री काकूंचा फोन आला होता. आवाज पडलेला. म्हणाल्या, ‘‘तुमी आमची तक्रार केलास काय?’’

तुम्ही त्यांच्या पैशांतून 2,000 रुपये कापले आहेत. कारण: ‘यजमानाकडून विलंब, ग्राहकाची गैरसोय’. वर त्यांचे तारेही कमी केले. म्हणजे संध्याकाळ एकच. माझ्या खात्यात लिहिलंय पाहुणे उशिरा आले, त्यांच्या खात्यात लिहिलंय यजमानाने उशीर केला. दोघांनी उशीर केला, आणि ज्याने अकराचे साडेपाच केले तो मात्र वेळेवर! माझा परतावा वाचला, त्यांच्याकडून दंड मिळाला, होडीचे पैसे घेतलेलेच होते. हिशेब जमतो तुम्हाला. भरतीचाच तेवढा जमत नाही.

त्या घरात तीन माणसं राबतात. काका होडी चालवतात, काकू चुलीशी असतात, मुलगा पाहुण्यांना मसुऱ्याला भरतगड दाखवायला नेतो. समोरच्या काठावर भगवंतगड, मधून गड नदी. कुठला किल्ला कुणाचा, कोण कुणावर तोफा रोखून होतं, हे तो होडी वल्हवताना सांगतो. त्याबद्दल त्याने वेगळे पैसे मागितले नाहीत. खोलीची चादर धुतलेली होती, घावणे गरम होते, सोलकढी मागावी लागली नाही. माझी त्यांच्याविरुद्ध कसलीही तक्रार नव्हती, नाही. हे वाक्य कापून त्यांच्या खात्यात चिकटवा.

मला हवं ते असं. काकांचे 2,000 रुपये आणि त्यांचे तारे परत करा, आणि चूक तुमची होती हे त्यांना मराठीत लिहून कळवा. ‘पाहुणे उशिरा आले’ ही नोंद काढा. होडीच्या घरांची वेळ घरमालकाला ठरवू द्या. माझ्या परताव्याचं बघू. आधी त्यांचं करा. कूपन नको. ते तुमच्या सीनियरना द्या, त्यांनी एकदा जाऊन यावं, साडेपाचला.

ई-कॉमर्सच्या 2020 च्या ग्राहक नियमांप्रमाणे तक्रारीची पोच 48 तासांत आणि निवारण एका महिन्यात करायचं असतं. 8 तारखेच्या तक्रारीची पोच अजून आलेली नाही. आली ती फक्त बासरी. 1915 वर, म्हणजे राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, नोंद करून ठेवली आहे. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने ग्राहक राहतो तिथल्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करता येते, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क लागत नाही. ठाण्याला लोकलने जातो मी रोज.

तुमच्यामार्फत आम्ही चार वर्षं फिरलो. आईचं पहिलं दिवेआगर तुमच्याकडूनच झालं होतं, तेव्हा काही वाईट वाटलं नव्हतं. आता ॲप काढून टाकलं आहे. आंगणेवाडीच्या जत्रेला पुन्हा जायचं ठरतंय. काकांना थेट फोन केला, त्यांनी आधी तिथी विचारली.

फोन करू नका. उत्तर लेखी द्या.

बुकिंग क्रमांक, तुमचा 6 तारखेचा मेसेज, ‘तुम्ही पोहोचलात!’चा स्क्रीनशॉट आणि कॅलेंडरचं पान सोबत जोडलं आहे. इन्व्हॉइस मिळालं नाही.